जनरल नसलेल्या फौजेचा चाकू

आधी खोट्या चाकूचं सांगतो, खऱ्याची किंमत त्याच्यामुळेच कळली.

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्या कूलरचा पंप बसला. मागची जाळी चार स्क्रूंवर, आणि घरातला पेचकस शेजारी गेलेला. शेजारी गेलेला पेचकस परत येत नाही, हे इंदूरलाही खरं आहे. म्हणून मोबाइलवरून लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा 'स्विस आर्मी, अकरा कामं एकात' चाकू मागवला. ३४९ रुपये. पहिल्याच स्क्रूला त्याचा पेचकस असा पिळला की जिलबी बरी. विकणाऱ्याने 'वापरलेला माल परत घेत नाही' म्हणून हात वर केले. आमची ही म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली आणि चाकू ओळखता येत नाही?"

मी सिग्नल्समधला, म्हणजे फौजेत निरोप आणि हुकूम पोचवणाऱ्या दळणवळण शाखेतला. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची पोस्टिंग इंदूरजवळच्या महू छावणीत होती, म्हणून घर इथेच राजेंद्र नगरात बांधलं. सिग्नल्सवाल्याचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नात जातं: हुकूम कोणाचा, कोणाला, कोणामार्फत? हा परीक्षणाचा मजकूर चाकूचा आहे, पण तो प्रश्न मध्येमध्ये येणार. ज्याला फक्त पातं कसं आहे ते हवंय त्याने खाली रसगुल्ल्याच्या डब्यापाशी यावं.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे झुरिकला दीड महिना होतो. एका रविवारी संध्याकाळी स्टेशनवर उभे होतो, तर वीस-एकवीस वर्षांची पोरं वर्दीत, पाठीवर पिशवी, खांद्यावर असॉल्ट रायफल. एक जण आइस्क्रीम खातोय, दुसरा एका पोरीशी बोलत उभा. संत्री नाही, गारद नाही. आमच्याकडे कोतातून, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातून, हत्यार निघालं की रजिस्टरात सही, परत जमा करताना पुन्हा सही, आणि एक गोळी कमी पडली तर रात्रभर अख्खी कंपनी मैदानात कंदील घेऊन शोधत फिरते. मी जावयांना हळूच विचारलं, "बंडबिंड झालंय का इथे?" जावई हसले. "बाबा, सुट्टी संपली, बराकीत परत चाललेत. उद्या सकाळी हजेरी."

पुढच्या शनिवारी सरोवराच्या काठी जेवणाचा बेत होता. जावयांच्या ऑफिसातला एक जण आला होता, अठ्ठाविशीचा असेल. त्याने खिशातून हिरव्या मुठीचा, काळ्या रबरी पट्ट्यांचा चाकू काढला, अंगठा पात्याच्या गोल भोकात घातला आणि एका हाताने उघडला. खट्. त्या आवाजावर माझं मन बसलं. पाव कापला, चीज कापलं, आणि मग दुसऱ्या हातात बाटली धरून तसाच एका हाताने मिटवला. मी मागून घेतला. मुठीवर नाव व्हिक्टोरिनॉक्स. मी म्हटलं, "हा तर लाल असतो ना?" तो म्हणाला, "लाल पर्यटकांचा. हा शिपायाचा."

इंग्रजी आमचं दोघांचंही मोडकं, त्यामुळे बोलणं छान जमलं. तो फौजेत हवालदार निघाला. म्हणजे आमच्या हिशेबाने हवालदार, त्यांच्या भाषेत नाव वेगळं. मी म्हटलं, मग ऑफिसात काय करतोस? तेव्हा तिथली रीत समजली. अंगाने धडधाकट प्रत्येक स्विस पुरुषाला फौजेची सक्ती. १८ आठवड्यांची रिक्रूट शाळा, मग घरी. त्यानंतर साध्या शिपायाला तीन-तीन आठवड्यांची सहा शिबिरं, बहुधा वर्षाला एक. सगळे मिळून २४५ दिवस. त्या तीन आठवड्यांचा पगार बुडत नाही, ८० टक्के सरकारी निधीतून भरून मिळतो. भरतीच्या तपासणीत नापास झालेल्याला सुटका नाही, उत्पन्नाच्या ३ टक्के कर द्यावा लागतो. बंदूक धरायची नाही म्हणणाऱ्याने इस्पितळात, वृद्धाश्रमात नागरी सेवा करायची, पण दीडपट दिवस. बायकांना सक्ती नाही, ज्या येतात त्या आपखुशीने.

आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला पाव गिळवेना. ऑफिसात त्याचा जो साहेब, तो फौजेत साधा शिपाई. दोघं एकाच कंपनीत. "एरवी मी त्याला रिपोर्ट करतो. तीन आठवडे तो मला करतो. चौथ्या सोमवारी पुन्हा मी त्याला." मी विचारलं, भांडण होत नाही? म्हणाला, "कोणाची पाळी आहे ते दोघांना माहीत असतं."

चाकू मला हवाच झाला. निघायच्या आदल्या दिवशी जावयांनी आणून दिला, किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून. नेमकी कितीला पडला ते अजून सांगत नाहीत, म्हणून पैसा वसूल की नाही हे मी सांगू शकत नाही. येताना मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवलात तर विमानतळावरच राहील.

आता वस्तू. मिटलेला असताना लांबी १११ मिलिमीटर, वजन १३१ ग्रॅम. कुर्त्याच्या खिशात ठेवला की कुर्ता एका बाजूला झुकतो, पँटच्या खिशात बरा. मोठं पातं दातेरी आहे आणि उघडल्यावर खटक्याने अडकतं. मिटताना आतली पोलादी पट्टी अंगठ्याने बाजूला दाबावी लागते, नाहीतर मिटत नाही. लाकूड कापायची करवत आहे. डबा फोडायचं हत्यार आहे आणि त्याच्याच टोकाला छोटा पेचकस. बाटलीचं झाकण काढायचं आहे, त्याच्या टोकाला मोठा पेचकस आणि बगलेत वायरीचं प्लॅस्टिक सोलायची खाच. चौफुली स्क्रूचा पेचकस वेगळा, भोक पाडायची अरी वेगळी. कात्री नाही, चिमटा नाही, दात कोरायची काडी नाही. आणि बूच काढायचा मळसूत्री स्क्रू नाही, यात पूर्ण इतिहास आहे.

स्विस फौजेने शिपायाला पहिला चाकू दिला १८९१ साली. कारण दोन. नव्या रायफलीचे भाग सुटे करायला पेचकस लागायचा आणि शिधा डब्यातून यायला लागला होता. पातं, अरी, डबाफोड, पेचकस, एवढंच त्यात. मजा अशी की एवढे चाकू एकदम करून देणारा कारखानाच देशात नव्हता, पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आला. मग श्वीत्सजवळच्या इबाख गावच्या कार्ल एल्सनरने ते काम अंगावर घेतलं. त्याच माणसाने १८९७ मध्ये हलका, दुसरं छोटं पातं आणि बूच काढायचा स्क्रू असलेला चाकू काढला. तो अधिकाऱ्यांचा. पण सरकारने तो कधी दिला नाही, साहेबांनी स्वतःच्या पैशाने घ्यायचा! शिपायाला फुकट, साहेबाला विकत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी नेले ते हेच लाल चाकू. त्यांना जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते 'स्विस आर्मी नाइफ' म्हणायला लागले आणि जगभर तेच चिकटलं. म्हणजे जगाला जो फौजेचा चाकू वाटतो तो फौजेने कुणाला दिलेलाच नाही. एल्सनरची आई व्हिक्टोरिया १९०९ मध्ये वारली, तिचं नाव मालाला दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचं 'इनॉक्स' मागे जोडलं. माझ्या हातातला हिरवा नमुना २००८ चा, शिपायांच्या खिशात तो पुढच्या वर्षी पोचला.

आता रसगुल्ल्याचा डबा. नात आली होती. डबा फोडायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते चावीसारखं फिरवताना घसरतं आणि पाक ओट्यावर सांडतो. मी चाकूची छोटी चोच उघडली, डब्याच्या कडेखाली तिची खाच अडकवली आणि मूठ वर उचलली. पत्रा टक् करून फुटला. चोच बोटभर पुढे सरकवली, पुन्हा उचलली. पुढे, उचल. पुढे, उचल. चोच आपल्यापासून लांब चालत जाते, त्यामुळे बोट कडेला लागत नाही. अर्ध्या मिनिटात झाकण उभं राहिलं आणि पाकाचा एक थेंब बाहेर नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वर्षातून तीनच आठवडे वापरात येणारी वस्तू अशी हवी की विसरलेल्या हाताला आपोआप आठवावी.

नात डावखुरी. तिने तो डाव्या हाताने उघडून दाखवला, तितक्याच सहज. भोक दोन्ही बाजूंनी सारखं आहे. आमच्या रिक्रूटीत डावखुऱ्या पोरांना उस्ताद काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

गणपतीत करवत कामाला आली. मखराच्या बांबूच्या कांबी, केळीचे खुंट, मंडपाची सुतळी, सगळं त्याच्यावर निघालं. दातेरी पातं दोरी, पाव, टोमॅटो आणि खोके यांच्यासाठी उत्तम. पोह्यांसाठी मिरची-कोथिंबीर बारीक चिरायला घेतलीत तर चिरडली जाईल. त्यात चाकूचा दोष नाही, तो त्या कामाचा नव्हेच, विळी आहे ना घरात. आणि हो, कूलरचे चारही स्क्रू निघाले.

पण त्या दिवशी सरोवराकाठी मी अजून एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर कळायला मला पुढचा महिना लागला. मी साधं विचारलं, "तुमचा जनरल कोण?" तो म्हणाला, "नाही."

मला वाटलं, भाषेची गफलत. जावयांकडून, लेकीकडून, त्या पोराकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. खरंच नाही. शांततेच्या काळात स्विस फौजेत जनरल हे पदच नसतं. एक लष्करप्रमुख असतो, पण तो हुद्दाही २००४ पासूनचा. त्याच्या खांद्यावर तीन तारे आणि रँकचं नाव कोअर कमांडर. कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांची मिळून मोठी फौज. आता गंमत अशी की त्यांच्या कोअर २००३ च्या शेवटी मोडीत निघाल्या. कोअर नाही, कोअर कमांडर आहेत. आमच्या ऑफिसात टाइपरायटर गेले तरी टायपिस्ट होते, तसंच.

प्रमुखाच्या हाताखाली कामांची वाटणी चोख आहे. मोहिमा एका कमांडकडे, शिक्षण दुसऱ्याकडे, रसद तिसऱ्याकडे, आणि या सगळ्याचा मेळ घालायला एक मुख्यालय. १ जानेवारी २०२४ पासून सायबरची स्वतंत्र कमांड झाली. हे ऐकून मला कोण आनंद झाला, आमच्या सिग्नल्सच्या जातीला एका फौजेने तरी तिचं स्थान दिलं. मोहिमांच्या कमांडखाली तीन यांत्रिक ब्रिगेड, देशाचे चार भाग सांभाळणाऱ्या चार प्रादेशिक डिव्हिजन, आणि हवाई दलही. हवाई दल आपल्यासारखं वेगळं नाही, ते फौजेचाच एक भाग. समुद्र नाही, तरी सरोवरांवर गस्तीच्या बोटी आहेत. देश केवढा? आपल्या मध्य प्रदेशात असे सात मावतील. वस्ती ९० लाखांच्या आसपास आणि फौजेचं ठरवलेलं बळ १ लाख. १९६० च्या दशकात हेच बळ ६ लाखांच्या वर होतं. सायकलस्वारांच्या पलटणीही होत्या, त्या २००३ मध्ये बंद झाल्या.

प्रमुखाच्या वर कोण? आपल्याकडे राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती. तिथे सात मंत्र्यांचं मंडळ, सातही सारखे. अध्यक्षपद त्यांच्यात वर्षावर्षाने फिरतं आणि अध्यक्षाला फौजेवर जादा अधिकार नाही. संरक्षण खातं त्या सातांतल्या एकाकडे. आणि खरोखर मोठी जमवाजमव करायची वेळ आली तर संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, २४६ जण, आणि मतदान करून जनरल निवडतात. संकट संपलं की जनरलचं पदही संपलं.

१८४८ पासून असे फक्त चार झाले: द्यूफूर, हेर्त्सोग, विले आणि गिझाँ. पहिला, द्यूफूर, पुढे रेड क्रॉसच्या संस्थापकांपैकी एक झाला. पण माझ्या मनात बसला तो चौथा. आँरी गिझाँला ३० ऑगस्ट १९३९ ला निवडलं, पोलंडवर हल्ला व्हायच्या दोन दिवस आधी. पुढच्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि चारी बाजूंना जर्मनी-इटलीची सत्ता. २५ जुलै १९४० ला गिझाँने आपले सगळे वरिष्ठ अधिकारी एका बोटीत घातले आणि सरोवर ओलांडून रुटलीच्या कुरणावर नेलं. त्यांच्या परंपरेप्रमाणे १२९१ साली त्या देशाची पहिली शपथ तिथे घेतली गेली. मी सिग्नल्सवाला, माझ्या पोटात गोळा आला. सगळी कमांड एका बोटीत! एक बॉम्ब, आणि हुकूम देणारं कुणी उरलं नसतं. पण त्याला जे सांगायचं होतं ते तारेवर सांगण्यासारखं नव्हतं. मैदानी मुलूख सोडून फौजेचा गाभा आल्प्सच्या आत न्यायचा. म्हणजे शिपाई डोंगरात, आणि त्याची बायकापोरं खाली उघड्यावर. असला हुकूम डोळ्यांत बघूनच द्यावा लागतो. लढाई तिथवर आली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये गिझाँ पदावरून उतरला, आणि तेव्हापासून ती खुर्ची रिकामी आहे.

सगळंच भारी आहे असं नाही. १७ फेब्रुवारी २०१४ ला इथिओपियाचं विमान त्याच्याच सहवैमानिकाने पळवलं आणि पहाटे जिनिव्हाला आणलं. सोबत इटली आणि फ्रान्सची लढाऊ विमानं. स्विस विमानं कुठे होती? हँगरमध्ये. त्यांची ड्यूटी सकाळी ८ ला सुरू व्हायची आणि मध्ये जेवणाची सुट्टी. हे वाचून मी इतका हसलो की लेक धावत आली. हसून झाल्यावर वाटलं, त्यात हिशेबही आहे. छोट्या देशाने शेजाऱ्यांशी करार करून ठेवले होते आणि त्या पहाटे ते करार कामाला आले. २०२० च्या अखेरपासून दोन विमानं चोवीस तास तयार असतात, १५ मिनिटांत हवेत.

आणि २६ नोव्हेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत पडून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा या देशाने सार्वमत घेतलं की फौज ठेवायची की बरखास्त करायची. ३५.६ टक्के लोकांनी बरखास्त करा म्हणून मत दिलं. फौज राहिली. पण मतदान करणाऱ्यांत शिबिरं करून आलेले लाखो शिपाई होते. आमच्या महूत कुणी असा कागद काढला असता तर...

महूवरून आठवलं. उज्जैनच्या पुढे महिदपूर आहे, शिप्रेच्या काठी. लहानपणी शाळेची सहल गेली होती, तेव्हा गुरुजींनी फक्त तारीख सांगितली होती: २१ डिसेंबर १८१७. होळकरांच्या तोफा इंग्रजांवर शेवटपर्यंत चालल्या, गोलंदाज तोफांपाशीच मेले. पण त्या तोफांच्या मागे हुकूम कोणाचा होता? गादीवरचे मल्हारराव (तिसरे) अकरा वर्षांचे. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना आदल्याच दिवशी आपल्याच माणसांनी मारलेलं. लढाई त्याच दिवशी संपली, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. त्याच वर्षी इंग्रजांनी महूला छावणी टाकली. त्याच छावणीत मी सहा वर्षं हजेरी लावली, पेन्शन तिथूनच सुरू झाली. होळकरांची फौज मी माझ्या डोळ्यांनी बघितली नाही. पण सरोवराकाठी तो पोरगा म्हणाला, "कोणाची पाळी आहे ते दोघांना माहीत असतं," तेव्हा मला महिदपूरच आठवलं होतं.

चाकू सध्या हिच्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो. मला लागला तर मागून घेतो आणि काम झालं की परत देतो. तोंडी सही धरली जाते.

इथे तारे द्यायला सांगतात, पाचांपैकी. मी तीन देतोय, आणि कमी दिले असं समजू नका. त्या फौजेत शांततेच्या काळात वरचा हुद्दा तीन ताऱ्यांचाच असतो. चौथा द्यायचा तर आधी २४६ माणसं गोळा करावी लागतील.